सीमोल्लंघनापूर्वी रथाची परीक्षा

आश्विन शुद्ध नवमीस शस्त्रे व अवजारे पुजावीत आणि दशमीस सीमोल्लंघन करावे, ही आपली जुनी परंपरा. काळाच्या ओघात घोड्याच्या जागी मोटार आली आणि खंडेनवमीची झेंडूची माळ तिच्या गळ्यात पडली. दसरा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. म्हणून याच दिवशी वाहन घरी आणण्याकडे अनेक कुटुंबांचा कल असतो. ज्यांना नवी गाडी झेपत नाही ते वापरलेली जुनी गाडी घेतात, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. मात्र मुहूर्त साधण्याच्या घाईत गाडीची परीक्षा राहून जाते. पुढे त्याच गाडीतून वृद्ध आईवडिलांना व मुलाबाळांना घेऊन कुलदैवताच्या दर्शनासाठी घाट चढावयाचा असतो. म्हणून आधी परीक्षा, मग मुहूर्त, हा क्रम गृहस्थाने ध्यानी धरावा. पितृपंधरवड्यात खरेदी टाळली जाते. पण पाहणीला कोणती आडकाठी?

महाभारताच्या शल्यपर्वात एक प्रसंग आहे. युद्ध संपल्यावर श्रीकृष्णांनी अर्जुनास प्रथम रथाखाली उतरावयास सांगितले. मागाहून ते स्वतः उतरले, आणि तो दिव्य रथ पाहता पाहता भस्म झाला. द्रोण व कर्ण यांच्या अस्त्रांनी तो पूर्वीच दग्ध झाला होता. भगवंत त्यावर विराजमान होते म्हणूनच तो अखंड राहिला होता. जुनी गाडी पाहणाऱ्याने ही कथा विसरू नये. ताज्या रंगाखाली गंजलेला सांगाडा असू शकतो.

उदाहरणादाखल घरोघरी परिचित असलेली मारुती ८०० घेऊ. डिसेंबर १९८३ मध्ये ती प्रथम ग्राहकाच्या हाती आली आणि २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे तिच्यातील सर्वांत धाकटी गाडीही आता दहा वर्षांच्या पुढे गेली आहे. तिचे ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरांचे इंजिन साधे व काटक. परंतु वयाची दुखणी तिलाही चुकलेली नाहीत, आणि तीच दुखणी बहुतेक जुन्या लहान गाड्यांत आढळतात.

पहिला शत्रू गंज. गाडी भर उजेडात, कोरडी असताना पाहावी. पायाखालचे गालिचे उचलून तळाचा पत्रा, दारांच्या खालच्या कडा, चाकांवरील कमानी आणि जादा चाकाची जागा तपासावी. किनारपट्टीवरील खाऱ्या हवेत वावरलेल्या गाडीबाबत हे विशेष आवश्यक. पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते पकड घेत नाही तेथे रंगाखाली पुट्टी भरलेली असण्याचा संभव असतो. सीटचे पट्टे पूर्ण बाहेर ओढून पाहावेत. त्यांवर चिखलाचे डाग असतील आणि आत कुबट वास येत असेल, तर गाडी पुराच्या पाण्यात बुडालेली असू शकते. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या महापुरात अशा असंख्य गाड्या बुडाल्या होत्या.

इंजिन नेहमी थंड असतानाच सुरू करावयास सांगावे. आपण पोहोचण्यापूर्वीच ते तापवून ठेवलेले असेल तर काही लपविले जात आहे असे समजावे. धूर निळसर असेल तर तेल जळते आहे. काळा असेल तर पेट्रोल अधिक जाते आहे. थंड सकाळी क्षणभर दिसणारी पांढरी वाफ स्वाभाविक. पण दाट पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी सिलिंडरात शिरते आहे. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर आढळल्यास हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल, तर गाडी घेताच तो बदलावा. हा रबरी पट्टा तुटला की इंजिन जागच्या जागी बंद पडते, मग तो घाट असो वा महामार्ग.

दसऱ्याला ज्या चाकांखाली आपण लिंबू ठेवतो ती चाकेही नीट पाहावीत. टायर एकाच कडेने झिजला असेल तर चाकांची सरळ रेषा बिघडली आहे, किंवा गाडीला कधी तरी जोराचा धक्का बसला आहे. ब्रेकवर पाय स्थिर दाबून धरला असता तो हळूहळू खाली जाऊ लागला, तर तो दोष दूर झाल्यावाचून गाडी रस्त्यावर आणू नये. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तेव्हा क्लच संपत आला आहे असे समजावे. किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये, तो मागे फिरवता येतो. पेडलचे झिजलेले रबर आणि गुळगुळीत झालेले स्टिअरिंग अधिक खरे बोलतात.

कागदपत्रांची परीक्षा तितकीच महत्त्वाची. चॅसिस व इंजिनाचे क्रमांक नोंदणीपत्राशी ताडून पाहावेत. कर्जाचा बोजा उतरला आहे ना याची खात्री करावी. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते; पुढे तपासणीनंतर ५ वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. ती मुदत किती उरली हे विचारावे. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ व ३० भरून परिवहन कार्यालयात द्यावे लागतात. येथे विक्रेत्यानेही सावध असावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, की दप्तरी ज्याचे नाव तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईचे दायित्वही त्याचेच. केवळ चावी हाती दिल्याने जबाबदारी सुटत नाही.

टायर, बॅटरी, क्लच यांचे दोष पैशाने दूर होतात. त्यासाठी किमतीतून रक्कम कमी करून घ्यावी. परंतु कुजलेला तळ, वाकलेला सांगाडा किंवा न जुळणारे क्रमांक आढळले, तर मुहूर्त टळला तरी चालेल, हात जोडून परत फिरावे. विश्वासू मेकॅनिकला त्याची मजुरी देऊन सोबत न्यावे. विकणाऱ्याने ज्ञात दोष स्वतः सांगावा. कारण दोष झाकून दिलेल्या गाडीत उद्या कोणाची तरी लेकरे बसणार आहेत. असा प्रामाणिक व्यवहार झाला म्हणजे चाकाखालच्या लिंबाला आणि आपट्याच्या पानाला खरा अर्थ येईल.