अध्यापक संत बीड

पत्राच्या माथ्यावर आपण जो इसवी सन घालतों, त्याची गणना सहाव्या शतकांत रोम येथील डायोनिशियस नामक साधूनें बसविली. परंतु इतिहासलेखनांत तिचा उपयोग करून ती रूढ करण्याचें श्रेय मुख्यत्वें इंग्लंडांतील एका मठवासी शिक्षकाकडे जातें. त्याचें नांव बीड. आपल्याकडील बीड गांवाशीं ह्या नांवाचा कांहीं संबंध नाहीं. ज्यांचा जन्म मुलें शिकविण्यांत गेला, अशा आम्हांसारख्यांस ह्या संताचें चरित्र जवळचें वाटतें. म्हणून तें वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

बीडचा जन्म सुमारें इ. स. ६७३ मध्यें नॉर्थम्ब्रियाच्या राज्यांत झाला. सातव्या वर्षीं आप्तांनीं त्याला बेनेडिक्ट बिस्कप ह्या मठाधिपतीच्या स्वाधीन केलें. बटूनें गुरुगृहीं जावें तसाच हा प्रकार; मात्र ह्या बटूची सोडमुंज कधींच झाली नाहीं. बिस्कपनें रोमच्या अनेक वाऱ्या करून ग्रंथ जमविले होते. तो संग्रह हेंच पुढें बीडचें जग झालें.

इ. स. ६८६ च्या सुमारास महामारीनें जॅरोचा मठ ओस पाडला. सामुदायिक उपासनेंतील पदें म्हणूं शकणारे दोघेच उरले: मठाधिपति केओलफ्रिथ आणि एक लहान मुलगा. कांहीं पदें गाळून त्यांनीं एक आठवडा निभावून नेला. पण मठाधिपतीस तें सोसेना. मग दोघांनींच कष्टानें पूर्ण पाठ पुन्हां सुरू केला. तो मुलगा बीडच असावा, असें अनेक विद्वान मानतात.

ईस्टरचा सण वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढील रविवारीं येतो. तो ठरविण्यास सूर्य आणि चंद्र ह्यांच्या गतींचा मेळ घालावा लागतो. हें कोडें आपल्या पंचांगकर्त्यांस नवें नाहीं. ह्या विषयावर बीडनें ७२५ मध्यें मोठा ग्रंथ लिहिला, आणि त्याचा आरंभ बोटांवर मोजण्याच्या रीतीपासून केला! एकाच किनाऱ्यावरील निरनिराळ्या ठिकाणीं भरतीची वेळ वेगळी असते, हेंही त्यानें त्यांत नमूद केलें. ७३१ मध्यें त्यानें इंग्रज लोकांच्या धर्माचा इतिहास पुरा केला. त्यांत आपणांस माहिती कोणाकडून मिळाली, हें प्रांजळपणें सांगितलें आहे.

त्याचा अंतकाळ त्याच्या कथ्बर्ट नांवाच्या शिष्यानें पत्रांत वर्णिला आहे. ७३५ च्या मे महिन्यांत बीडला धाप लागली आणि पायांस सूज आली. तरीही शिकविणें थांबलें नाहीं. लॅटिन न येणाऱ्या पुरोहितांस त्यानें पूर्वींच मुख्य प्रार्थना देशभाषेंत करून दिल्या होत्या. आतां योहानाच्या शुभवर्तमानाचें भाषांतर तो सांगत होता आणि शिष्य उतरून घेत होते. शेवटच्या दिवशीं त्यानें आपली पेटी आणवून तींतील चीजवस्तु मठांतील पुरोहितांस वांटल्या: थोडे मिरे, कांहीं वस्त्रें आणि धूप. मिऱ्यांचें पीक त्या काळीं आपल्या मलबारचें. तें हजारों कोस ओलांडून त्या थंड मठांत पोंचलें होतें. ह्या संन्याशाची सारी इस्टेट एवढीच!

सायंकाळीं विल्बर्ट नांवाच्या मुलानें सांगितलें कीं, अजून एक वाक्य उरलें आहे. बीडनें तें सांगितलें, मुलानें लिहिलें. मग आपल्या नेहमींच्या प्रार्थनास्थळाकडे तोंड करून खोलीच्या जमिनीवर बसून, स्तोत्र गात त्यानें देह ठेविला.

१८९९ मध्यें पोप तेरावे लिओ ह्यांनीं त्यास धर्माचार्य ही पदवी दिली. डरॅमच्या कथीड्रलमध्यें त्याची समाधि आहे. तें भाषांतर मात्र काळानें ठेविलें नाहीं.

पेन्शन घेतल्यापासून शिकविणें संपलें, अशी आम्ही आमची समजूत करून घेतली होती. शेजारचा मुलगा तिन्हीसांजेस रूपावली घेऊन ओटीवर येतो, तेव्हां त्यास ‘उद्यां ये’ म्हणण्याची आम्हांस संवय लागली होती. ती आम्हीं सोडली आहे.