कळसूबाईचे शिखर आणि मिरजगावचा पाऊस

‘महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची 1646 मीटर’ हे वाक्य विद्यार्थी बिनचूक म्हणतात. परंतु ते शिखर आपल्याच जिल्ह्याच्या सीमेवर आहे, हे ऐकून मिरजगावच्या मुलास बहुधा नवल वाटते. अकोले तालुक्यातील बारी गावातून त्याची वाट चढते. अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत आणि माथ्यावर देवीचे लहानसे मंदिर आहे. 1986 सालापासून हा प्रदेश अभयारण्य आहे.

मिरजगावाहून हे शिखर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर असले, तरी भूगोलाचा पाठ येथूनच सुरू करणे सोयीचे होय. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे सह्याद्रीस अडतात व वर चढतात. वर चढणारी हवा प्रसरण पावून थंड होते. ढग बनेपर्यंत दर किलोमीटरास सुमारे 10 अंश सेल्सिअस, पुढे काहीशी कमी. थंड हवेत बाष्प सामावत नाही, म्हणून घाटमाथ्यावरील घाटघर येथे प्रचंड पाऊस कोसळतो. तेच वारे पूर्वेस उतरताना तापतात व कोरडे होतात. कर्जत तालुक्याच्या वाट्यास वर्षाकाठी साधारण 500 मिलिमीटर पाऊस येतो, आणि त्याचा मोठा भाग सप्टेंबरात, पुष्कळदा बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या ढगांमुळे.

येथे एक चूक हमखास होते. एकटी कळसूबाई पाऊस अडविते, असे मुलांस वाटते. वस्तुतः अडविते ती सह्याद्रीची सलग रांग. कळसूबाई ही तिच्यातून पूर्वेकडे फुटलेल्या फाट्यावर आहे. फळ्यावर शिखर काढण्यापूर्वी उत्तर-दक्षिण रांग काढावी.

‘मग तिकडचे पाणी आपल्याकडे का येत नाही?’ हा प्रश्न एखादा चुणचुणीत मुलगा विचारतोच. ज्याच्या घरी दुष्काळात टँकरची वाट पाहिली जाते, त्याचा हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा भंडारदऱ्याच्या 1926 साली पूर्ण झालेल्या धरणात अडते आणि पुढे नेवासे तालुक्यात गोदावरीस मिळते. मिरजगावचा उतार मात्र सीनेकडे, आणि सीना जाते भीमेस. जिल्हा एक, खोरी दोन. सह्याद्रीचे पाणी कर्जत तालुक्यात पोहोचते ते निराळ्या वाटेने, जुन्नरकडील कुकडी प्रकल्पाच्या कालव्यातून. नकाशावर ती रेघ मुलांकडूनच काढून घ्यावी.