विश्लेषण : तज्ज्ञ १०० किलोमीटरवर, लोटेतील कामगारांना आरोग्य विद्यार्थी आधार देऊ शकतील?

खेड तालुक्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने रात्रंदिवस चालतात. पाळीचे काम, कंत्राटी नोकरी, दूर राहिलेले घर. झोप उडते, दारू वाढते, कशातच मन लागत नाही. तरी ‘थकवा असेल’ म्हणत दिवस ढकलले जातात. प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीत, म्हणजे सुमारे १०० किलोमीटरवर. तिथे जायचे तर दिवसाची मजुरी बुडते.

प्रश्न किती मोठा?
‘निम्हान्स’च्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातील १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार होता. विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर होते.

तज्ज्ञ नसलेल्यांचा उपयोग होतो का?
होतो. शेजारच्या गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत हा प्रयोग केला. मानसोपचाराची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिकांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केले. त्यांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांसोबत सहा ते आठ सत्रे घेतली. तीन महिन्यांनी त्यांच्यातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

विद्यार्थी कुठून येणार?
चिपळूण तालुक्यात सावर्डे-डेरवण येथे वैद्यकीय महाविद्यालय आहे. रत्नागिरीत २०२३ मध्ये शासकीय महाविद्यालय सुरू झाले. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या अभ्यासक्रमानुसार एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना गावातील कुटुंबे दत्तक घ्यावी लागतात. रक्तदाब, साखर तपासताना झोपेची चौकशी करणे अवघड नाही.

त्यांनी काय करावे?
- पाळी सुटण्याची वेळ साधून खोलीवर भेटावे, आधी ऐकून घ्यावे.
- नऊ प्रश्नांच्या ‘पीएचक्यू-९’ प्रश्नावलीने नैराश्याची लक्षणे टिपावीत.
- काही रसायनांच्या संपर्कानेही डोकेदुखी, चिडचिड, विसरभोळेपणा येतो. म्हणून कामाचे स्वरूप विचारून डॉक्टरांकडून शारीरिक तपासणी करून घ्यावी.
- जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार कुणी बोलून दाखवल्यास त्याला एकटे सोडू नये. मार्गदर्शक डॉक्टरांना लगेच कळवावे.

काय करू नये?
निदान किंवा औषध विद्यार्थ्याने सुचवू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. ठेकेदाराच्या कानावर गेले तर काम जाईल, ही भीती खरी असते. त्यामुळे नावांची यादी कारखान्याच्या हाती पडता कामा नये.

खरी अडचण कुठे?
एका दिवसाचे शिबिर होते, फोटो निघतात, विद्यार्थी परीक्षेला निघून जातात. मन मोकळे केलेला कामगार पुन्हा एकटाच. गोव्यात समुपदेशक ठरलेल्या सत्रांसाठी पुन्हा भेटत आणि त्यांच्या कामावर देखरेख असे. लोटेतही तेवढी तयारी असेल, तरच सुरुवात करावी.

तातडीने मदत हवी असल्यास : टेली-मानस, १४४१६. ही सेवा मोफत असून २४ तास सुरू असते. मराठी-हिंदीत बोलता येते.