हाताचे ज्ञान

जे तोंडाने सांगता येते तेच ज्ञान, आणि हाताने जे येते ते नुसते काम, अशी विभागणी या देशाने शतकानुशतके केली. काम करणारा अडाणी ठरला. यंत्रमानवाला माणसासारखा हात देऊ पाहणाऱ्या शास्त्रज्ञांचा अनुभव मात्र अगदी उलटा आहे.

१९८४ साली स्वीडनमध्ये योहान्सन आणि वेस्टलिंग यांनी माणसांना चिमटीत धरून एक वस्तू उचलायला लावली. तिच्या पृष्ठभागावर कधी रेशीम, कधी मऊ कातडे, कधी सॅन्डपेपर. दिसले ते असे, की वस्तू निसटू नये त्याहून किंचितच अधिक जोर बोटे लावतात. ती घसरू लागली तर एक दशांश सेकंदाच्या आत पकड आपोआप घट्ट होते. बोटे बधिर केली की हे भान जाते.

१९८९ मध्ये अमेरिकेत मार्क कटकोस्की यांनी यंत्राच्या हातासाठी पकडींचे वर्गीकरण मांडले. त्यासाठी त्यांनी पोथ्या पाहिल्या नाहीत, कारखान्यातल्या कारागिरांचे हात पाहिले. २०१९ मध्ये ओपनएआय या संस्थेने यंत्राच्या एका हाताला रुबिकचा घन फिरवायला शिकवले. त्याला संगणकातल्या आभासी जगात सुमारे १३,००० वर्षांचा सराव द्यावा लागला. तरीही सर्वांत अवघड मांडणीत तो पाचांपैकी चार वेळा फसला.

आता कचऱ्याच्या ओल्या ढिगातून काच, पत्रा, प्लास्टिक झरझर वेगळे काढणाऱ्या बाईकडे पाहा. तिला आपण 'अकुशल' म्हणतो. कातड्याची जाडी बोटाने ओळखून रापी चालवणाऱ्याला कोणी विद्वान म्हटलेले नाही.

पण येथे सावध राहिले पाहिजे. हाताचा हा गौरव उद्या पिढीजात धंद्याचा गौरव म्हणून आपल्याच गळ्यात बांधला जाईल. जात ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिनिर्मूलना'त दाखवून दिले. यंत्राचा हातही तेच सांगतो. त्याला ना जात, ना कूळ. जे आले ते सरावाने आले. कौशल्य रक्तातून उतरत नाही.

म्हणून आपली मागणी दुहेरी असली पाहिजे. घाणीत बुडणारे हात यंत्राने आधी सोडवावेत. आणि ज्या हातांकडून यंत्र शिकते, त्यांना ज्ञानाचे धनी मानून त्यांचा वाटा द्यावा.