बघे दगडाच्या काळजाचे असतात का?

रस्त्यावर दुचाकी घसरून कोणी पडलं, भोवती कोंडाळं जमलं आणि कोणीच पुढे झालं नाही, की आपल्या तोंडी हमखास एक वाक्य येतं: ‘माणुसकीच उरली नाही.’ मीही ते कित्येकदा म्हटलंय. सामाजिक मानसशास्त्र वाचायला लागल्यापासून मात्र ते उच्चारताना जीभ अडखळते. कारण या वाक्याला आधार म्हणून जगभर जी घटना सांगितली जाते, तीच मुळात चुकीची सांगितली गेली.

गैरसमज : ३८ माणसं खिडकीत उभी राहून खून बघत होती

१३ मार्च १९६४. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातलं क्यू गार्डन्स. पहाटे तीनच्या सुमारास २८ वर्षांची किटी जिनोव्हीज बारमधलं काम आटोपून घरी परतत होती. विन्स्टन मोझली नावाच्या माणसाने तिला चाकूने भोसकलं. दोन आठवड्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर बातमी आली. ३८ सभ्य नागरिक अर्ध्या तासाहून अधिक वेळ हे पाहत राहिले आणि हल्ला चालू असताना एकानेही पोलिसांना फोन केला नाही, असं त्यात म्हटलं होतं. ३८ हा आकडा पोलीस आयुक्तांनी वृत्तपत्राच्या संपादकाला जेवता जेवता सांगितला होता. पुढे तो पाठ्यपुस्तकांत गेला आणि तिथेच मुक्काम ठोकून बसला.

वस्तुस्थिती वेगळी होती. बातमीत तीन हल्ले सांगितले होते, प्रत्यक्षात दोन झाले. पहिला रस्त्यावर. तेव्हा एका रहिवाशाने खिडकीतून ‘त्या मुलीला सोड’ अशी आरोळी ठोकली आणि मोझली पळाला. किटी कशीबशी इमारतीच्या मागच्या बाजूला, जिन्याच्या बोळात पोहोचली. मोझलीने परत येऊन तिला गाठलं ते तिथे, समोरच्या खिडक्यांतून दिसणारच नाही अशा जागी. बहुतेकांनी थंडीच्या त्या रात्री फक्त आवाज ऐकले होते. काहींना ते नवराबायकोचं किंवा दारुड्यांचं भांडण वाटलं. ज्यांनी खरोखर हल्ला पाहिला ते मोजकेच होते, आणि त्यातल्या एकदोघांनी कच खाल्ली, हेही खरं. पण शेजारच्या सोफिया फरार हे कळताच धावत खाली गेल्या. हल्लेखोर तिथेच दबा धरून असेल का, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. रक्तात माखलेल्या किटीला त्यांनी मदत येईपर्यंत मिठीत धरून ठेवलं. त्या गाजलेल्या बातमीत सोफियांचं नाव नव्हतं. २००७ साली तीन मानसशास्त्रज्ञांनी पुरावे तपासून ३८ जणांच्या कथेला आधार नसल्याचं दाखवलं, आणि २०१६ साली मोझली तुरुंगात मेला तेव्हा त्या वृत्तपत्रानेही आपल्या बातमीतल्या चुका मान्य केल्या.

गैरसमज : जो मदत करत नाही, तो निर्दय

बातमी चुकीची असली तरी तिच्यामुळे एक चांगला प्रश्न विचारला गेला. जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन तरुण संशोधकांनी लोकांच्या काळजाची चौकशी न करता संख्येची चौकशी केली.

प्रयोग असा. विद्यार्थ्याला एका खोलीत एकट्याला बसवायचं. कानाला हेडफोन, समोर माइक. इतर खोल्यांतल्या विद्यार्थ्यांशी कॉलेजजीवनातल्या अडचणींवर बोलायचं. त्यातला एक सुरुवातीलाच सांगतो, की मला फिट येते. थोड्या वेळाने त्याचाच आवाज अडखळू लागतो, शब्द तुटतात, तो मदत मागतो, घुसमटतो. आवाज आधीच रेकॉर्ड केलेला, पण ऐकणाऱ्याला ते माहीत नाही. ‘ऐकणारा मी एकटाच’ असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी ८५ टक्के फिट संपायच्या आत मदतीसाठी उठले. ‘आणखी चौघे ऐकताहेत’ असं वाटणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं.

जे उठले नाहीत ते निवांत बसले होते का? नाही. संशोधक आत गेले तेव्हा कित्येकांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता आणि ‘तो बरा आहे ना?’ असं ते विचारत होते. बिरबलाच्या गोष्टीत दुधाच्या हौदात प्रत्येक जण रात्री गुपचूप पाणी ओततो, कारण बाकीचे दूध ओतणारच आहेत. तिथे लबाडी आहे. या मुलांत लबाडी नव्हती. जबाबदारी पाच जणांत वाटली गेली आणि एकेकाच्या वाट्याला आली ती उठायला पुरली नाही.

दुसरं कारण चेहऱ्यांचं. याच दोघांनी एका खोलीत भिंतीच्या फटीतून धूर सोडला. खोलीत एकटेच असलेल्यांपैकी दर चौघांतल्या तिघांनी बाहेर जाऊन कळवलं. शेजारी दोन जण ठरवून निर्विकार बसवले, तेव्हा दहातल्या एकानेच कळवलं. बाकीचे धूर हाताने हटवत कागद भरत राहिले! प्रत्येक जण दुसऱ्याच्या शांत चेहऱ्यावरून ‘काही झालं नसावं’ असा अर्थ काढतो. आपला चेहराही दुसऱ्याला तेच सांगत असतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

गैरसमज : म्हणजे गर्दीत कोणीच मदतीला येत नाही

हा गैरसमज अर्धवट वाचनातून आला आहे. ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउन इथल्या रस्त्यांवरच्या २१९ खऱ्या भांडण-मारामाऱ्यांचं सीसीटीव्ही चित्रण संशोधकांनी तपासलं. दहापैकी नऊ प्रसंगांत किमान एक तरी बघ्या मध्ये पडला होता. माणसं जास्त तशी कोणीतरी पुढे होण्याची शक्यताही जास्त. एकेकाचा पाय मागे राहतो, पण पायच जास्त असले की एखादा पुढे पडतोच. शिवाय धोका उघड दिसत असेल, तर गर्दीचा हा परिणाम बराच कमी होतो.

आपल्याकडे पाय अडतो तो पोलीस-कोर्टाच्या लचांडाच्या भीतीनेही. ती भीती आता जुनी झाली आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ आलं आणि २०२० साली त्याचे नियम. त्यानुसार रस्ते अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही.

म्हणून पुढच्या वेळी कोंडाळं दिसलं, तर ‘अरे, कोणीतरी फोन करा’ असं ओरडू नका. ‘कोणीतरी’ नावाचा माणूस तिथे नसतो. एकाच्या डोळ्यांत बघून सांगा: ‘निळ्या शर्टवाले दादा, तुम्ही ११२ लावा. ताई, तुम्ही पाणी आणा.’ आणि तुम्ही स्वतः जखमीजवळ खाली बसा.