नाव एकच, स्पेलिंगं तीन

मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, पण ऑफिस उघडं असतं. तेव्हा आमच्याकडे जुने विद्यार्थी येतात. कुणाला दाखल्याची दुसरी प्रत हवी असते, कुणाला जनरल रजिस्टरचा उतारा. मागच्या वर्षी अशीच मोखाड्याची एक मुलगी आली. आता ती एका लेकराची आई. नवरा कतारला नोकरीला. फॅमिली व्हिसासाठी पाठवलेले कागद परत आले होते.

तिने टेबलावर तीन कागद मांडले. पासपोर्टवर तिचं आडनाव एस-एच-ई-के-एच. लग्नाच्या दाखल्यावर एस-एच-ए-आय-के-एच. बाळाच्या जन्मदाखल्यावर आईच्या नावात एस-एच-ई-आय-के-एच. मराठीत तिन्ही ठिकाणी शेखच. पण परदेशातल्या अधिकाऱ्यासाठी त्या तीन वेगळ्या बायका झाल्या. लग्नाचा दाखला आधारकार्डावरून बनला होता, जन्मदाखल्यावर दवाखान्यात जे लिहिलं गेलं ते उतरलं होतं. आणि पासपोर्ट? तो दहावीच्या मार्कशीटवरून. मार्कशीटवर ते स्पेलिंग कुठून आलं, हे आम्हाला विचारायची गरज नव्हती. दहावीचा बोर्डाचा फॉर्म आम्हीच भरतो.

जव्हार-मोखाड्यात आपली घरं मोजकी. बाजारातली दुकानं, गाड्या, शिवणकाम, थोडी शेती. त्यातली काही मुलं आता आखाताकडे वळताहेत. मुलगा निघाला की घरात सामानाची, तिकिटाची चर्चा होते; कागदांची होत नाही. म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो.

सगळ्यात मोठा गैरसमज निकाहनाम्याचा. काझीसाहेबांनी निकाह पढवला, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, शरीअतच्या दृष्टीने निकाह पूर्ण झाला. त्यात शंका नाही. पण निकाहनामा हा सरकारी दफ्तरातला कागद नव्हे. परदेशी वकिलातीला आपल्या सरकारच्या निबंधकाने दिलेला विवाह नोंदणीचा दाखला लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी 1998 चा कायदा आहे. गावात ग्रामपंचायतीत आणि शहरात नगरपरिषदेकडे ही नोंद होते, आणि ती लग्नापासून 90 दिवसांत करायची असते. निकाहनामा पुरावा म्हणून सोबत जोडायचा, उर्दूत असेल तर भाषांतरासह. वलीम्याची भांडी परत करायच्या आठवड्यातच हे काम उरकलं तर पुढची किती पायपीट वाचते! आमच्या पाहण्यात लग्नाला बारा वर्षं झाल्यावर नोंदणीला गेलेली जोडपी आहेत, आणि तोवर साक्षीदारांपैकी एक मरहूम झालेले.

दाखला हातात आला की शिक्क्यांची साखळी सुरू होते. जन्म, लग्न यांसारख्या वैयक्तिक कागदांवर आधी राज्य सरकारच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाची साक्षांकित मोहर, शैक्षणिक कागदांवर शिक्षण खात्याची. त्यानंतर केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाची. पुढे दोन वाटा फुटतात. हेग इथल्या 1961 च्या करारात असलेल्या देशांना मंत्रालयाचं ‘ॲपॉस्टिल’ हे एकच स्टिकर पुरतं. भारतात हा करार 14 जुलै 2005 पासून लागू आहे. ओमान आणि बहरीन त्यात आहेत, आणि 7 डिसेंबर 2022 पासून सौदी अरेबियातही तो लागू झाला. त्यामुळे सौदीला जाणाऱ्यांची वकिलातीची फेरी वाचली. अजूनही काही एजंट तिचे पैसे लावतात, म्हणून मुद्दाम सांगतो. संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत मात्र करारात नाहीत. तिथे मंत्रालयानंतर त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का आणि तिकडे पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा.

हे सगळं जव्हारहून करायचं म्हणजे मुंबई सुमारे दीडशे किलोमीटर, मोखाड्याहून आणखी जास्त. पहाटेची एसटी, दुपारी खिडकीपाशी, आणि तिथे कळतं की झेरॉक्स नव्हे, मूळ कागद हवा. मग आपण एजंट धरतो. धरायला हरकत नाही, पण हिशेब माहीत असावा. ॲपॉस्टिलची सरकारी फी एका कागदाला 50 रुपये आहे आणि साध्या साक्षांकनाला मंत्रालय फी घेत नाही. कागद स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राचा सेवाआकार आणि वकिलातीची फी वेगळी. आमच्या ओळखीच्या एका घराने एका कागदाचे सहा हजार मोजले आणि पावतीही मागितली नाही. नोकरी लावून देणाऱ्या एजंटाचंही तेच. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं.

आपल्या भागाची एक खास अडचण आहे. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला. त्याआधीच्या प्रत्येक कागदावर ‘जिल्हा ठाणे’ आहे, नंतरच्या कागदांवर ‘पालघर’. दोन्ही बरोबर. पण परदेशातल्या कारकुनाला जिल्ह्याचं विभाजन कोण समजावणार? शक्यतो फॉर्ममध्ये जन्मस्थळ जन्मदाखल्यावर आहे तसंच लिहावं आणि सगळीकडे तेच ठेवावं. आणि हात जोडून सांगतो, मार्कशीट, जन्मदाखला लॅमिनेशन करू नका. कागद टिकावा म्हणून बाजारात दहा-वीस रुपये देऊन करतो, पण प्लास्टिकवर शिक्का बसत नाही. ते काढताना फाटलेली मार्कशीट घेऊन दुसऱ्या प्रतीसाठी वाशीच्या विभागीय मंडळात खेपा घालणारा मुलगा आम्ही पाहिला आहे.

उलट दिशेचा कागदही असतो. तिकडे असलेल्या भावाला इथली जमीन विकायची असते, तो मुखत्यारपत्र पाठवतो. ते तिथल्या भारतीय दूतावासासमोर करावं, आणि राज्यात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा. पाकीट कपाटात पडून राहिलं तर दंड आपलाच.

कुरआनातली सर्वात लांब आयत सूरह बकरातली, देवघेव लिहून ठेवण्याविषयीची. लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावं, हेही त्यात आलं आहे. आम्ही ती मुलांना अनेकदा समजावली असेल. लिहिणारा म्हणजे आपणही, हे त्या टेबलावरच्या तीन कागदांनी लक्षात आणून दिलं.

त्या मुलीला आम्ही पासपोर्ट प्रमाण धरायला सांगितलं, कारण तो बदलणं सर्वात महाग. लग्नाचा आणि जन्माचा दाखला त्याप्रमाणे दुरुस्त झाला, अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि बऱ्याच फेऱ्यांनंतर. मग शिक्के पहिल्यापासून. रमजानच्या आधी जायचं होतं, ती बकरी ईदनंतर गेली. बाळ तोवर चालायला लागलं होतं. बापाने ते व्हिडिओ कॉलवर पाहिलं.

आता जूनमध्ये प्रवेश घेताना आम्ही जन्मदाखला आणि आई-वडिलांचं आधार शेजारी ठेवतो. इंग्रजी स्पेलिंग पालकांकडून कागदावर लिहून घेतो आणि खाली सही किंवा अंगठा घेतो. दहावीचा फॉर्म पाठवण्याआधी त्याची छापील प्रत घरी देतो. मूल शाळेत आहे तोवर रजिस्टरची दुरुस्ती सोपी असते. दाखला घेऊन गेल्यावर प्रकरण शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जातं. गेल्या खेपेस चाळीस प्रतींपैकी अकरा दुरुस्त होऊन परत आल्या. त्यातल्या दोन आमच्याच चुका होत्या.