टाटा इस्टेट विकताना

टाटा इस्टेट रस्त्यावर आली 1992 साली. टाटांची मोटार कंपनी टेल्को म्हणजे ट्रक, हे समीकरण तेव्हा पक्कं होतं. 1988 मध्ये टाटामोबाइल पिकअप आला, 1991 मध्ये सिएरा, आणि पाठोपाठ ही लांबलचक वॅगन. पॉवर स्टिअरिंग, पॉवर विंडो, सेंट्रल लॉकिंग असा थाट त्या काळी देशी गाडीत दुर्मीळच. चेहऱ्यामोहऱ्यावर मर्सिडीजच्या वॅगनची झाक होती. अंगाखाली मात्र पिकअपचीच चॅसिस, मागे पाटे आणि 1948 सीसीचं बिनटर्बोचं डिझेल इंजिन. ताकद 68 अश्वशक्तीच्या आसपास, गाडीचं वजन दीड टनाहून जास्त. माणसं नि सामान भरून खंडाळ्याचा घाट चढायचा तर चालकाला बराच धीर लागे.

गिऱ्हाइकालाही ती फारशी पटली नाही. मागे डिकी वेगळी दिसली तरच ती ‘कार’, अशी आपल्याकडची समजूत. त्यात 1994 मध्ये त्याच घरातून सुमो आली आणि मोठ्या कुटुंबांनी तिला पसंती दिली. पुढे इंडिगो मरिना किंवा ऑक्टाव्हिया कॉम्बी यांनाही आपल्याकडे वॅगनचा बाजार उभा करता आला नाही. म्हणूनच आज नीट राखलेली इस्टेट विकायला निघाली की हौशी मंडळींचे फोन सुरू होतात.

पहिला प्रश्न इंजिनाचा असतो, पण जाणकार गिऱ्हाईक आधी वाकून पत्रा बघतं. मागच्या चाकांच्या कमानी, पाचव्या दाराची खालची कड, गालिच्याखालची जमीन या गंजाच्या जागा. इंजिनाआधी बॉडी बघण्याचं कारण साधं आहे. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांचे बरेच भाग सिएरा, सुमो, पिकअप यांच्याशी जुळतात. जुन्या बाजारात ते अजून हाती लागतात. पाचव्या दाराची काच, मागचे दिवे, दारांची रबरं ही मात्र फक्त इस्टेटची. ती फुटली वा हरवली की भंगारात दुसरी इस्टेट सापडेपर्यंत थांबायचं. त्यामुळे इंजिन थकलेलं पण काचा-दिवे शाबूत असलेली गाडी कधीकधी उलट स्थितीतल्या गाडीपेक्षा महाग विकली जाते.

इंजिन बदलण्याची सोय सुट्या भागांच्या याच नात्यामुळे आहे. 1998 च्या सफारीत त्याच 1948 सीसी घराण्यातलं टर्बो-इंटरकूलर इंजिन होतं, ताकद नव्वदीच्या घरात. ते इस्टेटमध्ये बसवलं की घाटातली दमछाक संपते. काम तिथे संपत नाही. क्लच, रेडिएटर, ब्रेक त्या ताकदीला साजेसे हवेत. इंटरकूलरला हवा लागेल अशी जागा हवी. ट्रायलला आलेलं शहाणं गिऱ्हाईक गाडी पळवून बघण्याआधी थंड इंजिन सुरू करायला लावतं, धुराचा रंग बघतं आणि घाट चढून आल्यावर तापमानाच्या काट्याकडे नजर टाकतं.

मग येतं आरसी बुक. त्यावरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळला नाही तर सौदा तिथेच अडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार मनाने करता येत नाही, आणि इंजिन बदललं तर 14 दिवसांत आरटीओला कळवावं लागतं. तेव्हा जुळवाजुळव नंतर करू म्हणणाऱ्या विक्रेत्यापासून चार हात दूर राहिलेलं बरं. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी, पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी चालू असले, तर नावबदलीचे फॉर्म 29 आणि 30 लवकर मार्गी लागतात. दिल्लीच्या गिऱ्हाइकावर मात्र भिस्त ठेवू नये. दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर तिथे हरित लवादाने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कायम केली.

जाहिरातीत ‘व्हिंटेज’ लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार त्या नोंदणीसाठी गाडीला पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे सर्वांत जुनी इस्टेटही 2042 पर्यंत त्यात बसत नाही. शिवाय चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. जे टर्बो आज गाडीची किंमत वाढवतं, तेच उद्या त्या नोंदणीच्या आड येऊ शकतं.

यावर दूरदर्शी मालकांचा एक उपाय आहे. काढलेलं मूळ इंजिन ते भंगारात घालत नाहीत. तेल लावून, तोंडं बंद करून गोदामात ठेवतात आणि गाडीबरोबरच देतात. सोबत झालेल्या प्रत्येक कामाची पावती आणि आरटीओची नोंद. किमतीची घासाघीस तरीही होते. पण पुढचा मालक घाटात पळणारी गाडी घेतो आणि ती पुन्हा मूळ रूपात आणण्याची वाटही त्याला मोकळी राहते. टर्बोपेक्षा या दुसऱ्या गोष्टीचे पैसे जास्त मागायला हरकत नाही.